मोबाईलवर आधी काय दिसायचं, हे कोण ठरवतं?

देवगडात एकाच घराच्या ओट्यावर बाप आणि मुलगा मोबाईल घेऊन बसलेले असतात, पण दोघांच्या पडद्यावरचं जग वेगळं असतं. बापाला आंब्याचे वाशी मार्केटचे दर दिसतात, तुडतुड्यावरच्या फवारणीचे व्हिडिओ दिसतात, भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांमधला सामना, दिसते. मुलाला क्रिकेट, पुण्यातल्या नोकऱ्या आणि मोटरसायकली. यांतलं काहीही दोघांनी कुणाकडे मागितलेलं नसतं. त्याच ओट्यावर सकाळी पेपर येऊन पडतो, तो मात्र दोघांना सारखाच.

पेपरातली बातमी माणसाने निवडलेली आणि मोबाईलवरची यंत्राने, असं साधारण समजलं जातं. ते अर्धंच खरं आहे. यंत्राने काय मोजायचं हे माणसंच ठरवतात, आणि पेपरातली माणसंही आता यंत्राने दिलेले आकडे समोर ठेवून बातम्या लावतात. ही सरमिसळ कोकणपट्टीतल्या लोकांनी नीट समजून घ्यावी असं मला फार वाटतं. इथे एखादी सूचना चार तास उशिरा दिसली तर तोवर होडी समुद्रात गेलेली असते.

आधी माणसाचं काम बघू. मराठीत वर्तमानपत्राची सुरुवात झाली तीच एका कोकणातल्या माणसाच्या हातून. बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापून. महाराष्ट्रात पत्रकार दिन ६ जानेवारीला असतो, तो त्यामुळेच. तेव्हापासून संपादकाचं मूळ काम बदललेलं नाही. येतं ते खूप, जागा थोडी, आणि कशाला किती जागा द्यायची याचा निर्णय घेऊन त्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घ्यायची.

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर पावसाळ्यातली एखादी संध्याकाळ कशी असते? सात वाजून गेले की तालुक्यातालुक्यातून वार्ताहरांचा मजकूर येऊ लागतो. कुठे विहिरीत बिबट्या पडला आणि वन खात्याने तो बाहेर काढला. कुठे घाटात दरड आली. एका ग्रामपंचायतीत पाण्याच्या योजनेवरून सभा गाजली. शिवाय दोन वाढदिवस, एक सत्कार आणि तीन निवेदनं. उपसंपादक आधी तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात फोन लावतो आणि दरड खरंच आली आहे का, एक बाजू सुरू आहे की दोन्ही बंद, हे विचारून घेतो. मग पान लावायला बसतो. सगळ्यांत जास्त वाचली जाणार बिबट्याची बातमी, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी लीड तो दरडीची करतो, कारण सकाळी त्या घाटातून एसटी जायची असते. बिबट्याला फोटोसकट खाली जागा मिळते. लोक काय वाचतील आणि लोकांना काय कळायला हवं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्या टेबलावर दोन्ही विचारले जातात.

अर्थात तो टेबलावरचा माणूस निर्दोष नसतो. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने एका छोट्या शहरातल्या वर्तमानपत्राच्या संपादकाला आठवडाभर एक काम दिलं. तारेवरून आलेली जी बातमी घेतली नाही, ती का घेतली नाही याचं कारण लिहून ठेवायचं. आलेल्या मजकुरातला जेमतेम दहावा भाग छापला गेला होता, आणि नाकारण्याची कारणं पुष्कळदा त्या माणसाच्या आवडीनिवडीची होती. आपल्याकडेही हे आहेच. ज्या वाडीत वार्ताहर नाही, ती वाडी पेपरात येत नाही. ज्याची जाहिरात मोठी, त्याच्याविषयी हात आखडतो. निवेदन घेऊन येणारे ओळखीचे असतात, आणि ज्यांच्याकडे यायला एसटीचे पैसे नसतात त्यांचं निवेदनच येत नाही.

आता यंत्राकडे. ते आलं कारण मजकुराचा ढीग माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. यूट्यूबनेच दिलेल्या आकड्यानुसार तिथे दर मिनिटाला ५०० तासांहून जास्त व्हिडिओ चढवले जातात. कितीही मोठा डेस्क ठेवला तरी हे कुणी बघून निवडू शकणार नाही.

यंत्राची निवड साधारण दोन टप्प्यांत होते. यूट्यूबच्या अभियंत्यांनी २०१६ च्या शोधनिबंधात ती उघडपणे मांडली होती. पहिल्या टप्प्यात लाखो व्हिडिओंतून तुमच्या कामाचे असू शकतील असे काही शे बाजूला काढले जातात. त्यासाठी तुम्ही आधी काय पाहिलं आणि तुमच्यासारखंच पाहणाऱ्या इतरांनी आणखी काय पाहिलं, एवढं पुरतं. यंत्राला डबलबारी म्हणजे काय हे माहीत नसतं. अमुक बुवांचा व्हिडिओ पाहणारे तमुक बुवांचाही पाहतात, इतकं माहीत असतं. दुसऱ्या टप्प्यात त्या काही शेंना गुण दिले जातात आणि गुणांच्या क्रमाने ते पडद्यावर येतात.

हे गुण म्हणजे अंदाज असतात. हा माणूस यावर बोट ठेवेल का, किती वेळ बघेल, लाइक करेल का, खाली काही लिहील का, पुढे पाठवेल का? प्रत्येक शक्यतेला एक वजन दिलेलं असतं आणि शक्यता गुणिले वजन अशी बेरीज होते. हे उदाहरणातून लवकर कळेल.

मे महिन्याचा शेवट धरा. १ जूनपासून मासेमारीची बंदी, म्हणून मालवणात शेवटच्या फेऱ्यांची घाई. एका मच्छीमाराच्या फोनसाठी तीन पोस्ट रांगेत आहेत. पहिली हवामान खात्याचा इशारा : वारा वाढणार, समुद्रात जाऊ नका. दुसरी तारकर्लीची ड्रोनने काढलेली रील. तिसरी कुठल्यातरी जुन्या वादळाचा व्हिडिओ, वर ‘आत्ताची दृश्यं’ असं लिहिलेलं. समजा, यंत्राचा अंदाज असा आहे : शंभर जणांना इशारा दाखवला तर ४ लाइक करतील, कुणी काही लिहिणार नाही, १ जण पुढे पाठवेल. रीलला ३० लाइक, २ कमेंट, २ शेअर. जुन्या वादळाला १० लाइक, पण १२ कमेंट आणि १५ शेअर, कारण माणसं घाबरतात आणि नातेवाइकांना कळवतात. आता लाइकला १, कमेंटला १० आणि शेअरला २० असं वजन धरा. इशाऱ्याचे गुण २४, रीलचे ९०, जुन्या वादळाचे ४३०. सगळ्यांत वर खोटा व्हिडिओ, सगळ्यांत खाली इशारा.

वजनं बदलून बघू. कमेंटला काहीच किंमत नको, लाइक आणि शेअर दोन्हींना १ ठेवू. जुनं वादळ २५ वर उतरतं, रील ३२ गुणांनी वर जाते, इशारा ५ वर. खोटा व्हिडिओ खाली आला, पण इशारा होता तिथेच तळाला राहिला. वजनं कशीही फिरवली तरी तो वर येणार नाही, कारण रील त्याच्यापेक्षा प्रत्येक रकान्यात पुढे आहे. ‘हे कळलं नाही तर जीव जाऊ शकतो’ असा रकानाच त्या तक्त्यात नाही. तो वर आणायचा असेल तर कुणीतरी माणसाने बाहेरून नियम घालावा लागतो : अधिकृत इशारा असेल तर गुण बघू नका, तो आधी दाखवा. हे करता येतं. कोविडच्या काळात यूट्यूब आणि फेसबुकने आरोग्य यंत्रणांची माहिती वेगळी चौकट करून वर लावली होती. ती कोणत्याही बेरजेतून वर आलेली नव्हती. तो सरळ संपादकीय निर्णय होता.

वरची वजनं माझ्या मनची असली तरी खरी वजनंही कंपनीतली माणसंच ठरवतात आणि बदलतात. यूट्यूबने २०१२ मध्ये किती जणांनी क्लिक केलं यावरचा भर काढून किती वेळ पाहिलं यावर दिला, आणि व्हिडिओ लांबू लागले. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये ताजं ते आधी हा क्रम सोडला. फेसबुकने २०१७ पासून साध्या लाइकपेक्षा रागाच्या चेहऱ्यासकट बाकीच्या भावचिन्हांना पाचपट वजन दिलं होतं. कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली तेव्हा जगाला हे कळलं. संताप आणणाऱ्या पोस्टमध्ये खोट्याचं प्रमाण जास्त असल्याचं त्यांच्याच लोकांना दिसलं होतं, आणि २०२० मध्ये रागाच्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलं गेलं. इतकी वर्षं कोट्यवधी लोकांना रोज काय दिसावं हे एका आकड्याने ठरवलं, आणि पोस्ट बघणाऱ्यांपैकी कुणालाच तो आकडा माहीत नव्हता. पेपरात चूक झाली तर संपादकाच्या नावाने पत्र तरी लिहिता येतं. इथे लिहिणार कुणाला?

मापाचा हा घोळ बागायतदाराला पटकन कळेल. हापूसची प्रतवारी वजनावर होते, कारण वजन काट्यावर दिसतं. आत साका पडलाय का, म्हणजे गर खराब झालाय का, हे काटा सांगत नाही; भारी वजनाच्या देखण्या फळातही तो निघतो. व्ह्यू, लाइक आणि मिनिटं ही काट्यावर दिसणारी मापं आहेत. मजकूर खरा आहे का, उपयोगाचा आहे का, हे कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापून बघायला वेळ आणि जाणकार हात लागतात.

कोकणाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. यंत्र गर्दीवर शिकतं. कोकणाविषयीचा मजकूर पाहणाऱ्यांत मुंबई, ठाणे, पुण्यातल्या चाकरमान्यांचा वाटा मोठा आहे, आणि गावची ओढ असलेला माणूस काय पाहील हे उघड आहे : शिमग्याची पालखी, गणपतीची आरास, कौलारू घर, पावसातला धबधबा, फणस. ही ओढ खरी आहे, तिच्यात वाईट काही नाही. पण त्यामुळे ‘कोकण’ म्हटलं की हेच व्हिडिओ वर जातात, आणि ते बनवणाऱ्यालाही हेच बनवायचा निरोप मिळतो. एखाद्या बंदरात साचलेला गाळ, मे महिन्यात वाडीवर येणारा टँकर, ओढ्यावरचा मोडलेला साकव (छोटा पूल), बंद पडलेली एसटीची रात्रीची वस्तीची गाडी, हे पाहणारे काही शेच. तेवढ्या लोकांवरून यंत्राला अंदाज बांधता येत नाही, म्हणून ते मागे ठेवलं जातं, आणि मागे ठेवल्यामुळे पाहणारे वाढत नाहीत. मग गावात राहणाऱ्या माणसालाही स्वतःच्या फोनवर सुट्टीला आलेल्याचं कोकण दिसत राहतं.

भाषेचंही तसंच. मराठी, हिंदी, नेपाळी आणि कोकणी सगळ्या देवनागरीत लिहिल्या जातात, तेव्हा यंत्राला आधी भाषा ओळखायची असते. मालवणीत लिहिलेला मजकूर प्रमाण मराठीच्या मानाने फारच थोडा, त्यामुळे शिकायला मिळालेले नमुनेही थोडे. मालवणी माणूस मित्राला शिवी घालून हाक मारतो आणि त्यात प्रेम असतं. शब्दांची यादी घेऊन बसलेल्या यंत्राला ते कळणं कठीण. उलट, अगदी सभ्य शब्दांत कुणाच्या जातीवर मारलेला टोमणा सुटून जातो. इथे गावचं पाणी प्यायलेला माणूसच लागतो, आणि कंपन्यांकडे सगळ्यांत कमी असतात ती अशीच माणसं.

निवडणारे पत्रकार काढून टाकल्यावर काय होतं, याचा एक दाखला आहे. फेसबुकवर ‘ट्रेंडिंग’ नावाचा कप्पा होता आणि त्यातल्या बातम्या निवडायला पत्रकार नेमलेले होते. हे पत्रकार एका राजकीय बाजूच्या बातम्या दाबतात, असा आरोप मे २०१६ मध्ये झाला. ऑगस्टच्या शेवटी कंपनीने त्यांना काढलं आणि काम मुख्यतः यंत्रावर सोपवलं. काही दिवसांतच एका प्रसिद्ध वृत्तनिवेदिकेला नोकरीवरून काढल्याची खोटी बातमी त्या कप्प्यात झळकली. लोक तिच्याविषयी बोलत होते, म्हणून यंत्राच्या लेखी ती ट्रेंडिंग होती. बातमी खरी आहे का हे विचारायला फोन करणारे पत्रकार उरलेच नव्हते. जून २०१८ मध्ये तो कप्पा बंद झाला. पक्षपाताचा आरोप गंभीर होता आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं होतं, पण ते उत्तर चांगले संपादक आणि उघड नियम हे असायला हवं होतं, असं माझं मत आहे.

उलट्या दिशेनेही गळती चालू आहे. न्यूज पोर्टलच्या डेस्कवर समोर मोठा पडदा असतो, त्यावर कुठली बातमी आत्ता किती जण वाचताहेत हे सेकंदासेकंदाला दिसतं. एकाच बातमीचे दोन मथळे लावून बघतात आणि ज्यावर जास्त क्लिक येतील तो ठेवतात. ‘पाहून थक्क व्हाल’, ‘पुढे जे घडलं ते...’ असे मथळे यातूनच येतात. तिथे बसलेला उपसंपादक हुशार असतो, त्याला दरडीची बातमी महत्त्वाची आहे हे कळतं. पण महिन्याच्या शेवटी त्याच्याकडून व्ह्यूजचा हिशेब मागितला जातो. निवडणारा माणूस असला तरी निवडीचं माप यंत्राचंच असतं, आणि मग बिबट्या लीड होतो.

व्हॉट्सॲपची गोष्ट निराळी. तिथल्या गप्पांत क्रम लावणारं यंत्र नसतं. आलेला मेसेज आला तसा दिसतो. तिथे संपादक म्हणजे पुढे पाठवणारा प्रत्येक जण. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं आणि २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. अशा वेळी वीज जाते, रेंज येऊन जाऊन असते, आणि जो मेसेज मिळेल त्यावर विश्वास ठेवला जातो. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. अशा मेसेजवर दुहेरी बाण दिसतो. तो दिसला की समजावं, पाठवणाऱ्याने हे स्वतः पाहिलेलं नाही. मेसेजमध्ये तारीख, वेळ आणि जागा नसेल तर तो पुढे ढकलू नये, मग तो सख्ख्या काकांनी पाठवलेला का असेना.

फोनवरची निवड थोडीफार आपल्या हातात घेता येते, आणि ते फार अवघड नाही. इन्स्टाग्रामवर ‘फॉलोइंग’ निवडलं की तुम्ही फॉलो केलेल्यांचंच, ताजं ते आधी, असं दिसतं. फेसबुकवर ‘फीड्स’मध्ये तीच सोय आहे. यूट्यूबवर नको त्या व्हिडिओच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून ‘रस नाही’ सांगता येतं, आणि पाहण्याचा इतिहास बंद करून पुसला तर होमपेजवरच्या शिफारशी जवळजवळ थांबतात. समुद्राच्या बाबतीत मात्र फीडवर अवलंबून राहूच नये. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज थेट त्यांच्याकडून घ्यावा, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांना ज्यांना जमतं त्यांनी बंदरावर वाचून दाखवावा. काही गैर दिसलं तर २०२१ च्या नियमांनुसार समाजमाध्यम कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. तक्रार लेखी करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा.

पण सगळं ओझं वाचणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. छोट्या पोर्टलनाही करण्यासारखं आहे. स्वीडनच्या स्वेन्स्का डागब्लाडेट या दैनिकाने आपल्या होमपेजसाठी एक मधली वाट काढली. संपादक प्रत्येक बातमीला दोन गोष्टी देतो : तिचं महत्त्व किती आणि ती किती काळ ताजी राहील. त्या दोन आकड्यांवरून पान लावण्याचं काम यंत्र करतं. वेळखाऊ काम यंत्राकडे आणि जबाबदारीचं माणसाकडे. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या चार माणसांच्या पोर्टललाही हे साध्या तक्त्यावर जमेल. वादळाचा इशारा : महत्त्व सर्वांत वरचं, आयुष्य पुढचा इशारा येईपर्यंत. मोडलेला साकव : त्या तालुक्यापुरता वर, आणि दुरुस्त होईपर्यंत दर आठवड्याला पुन्हा. घाटातली दरड : सगळ्यांत वर, आणि एका माणसाच्या नावावर. त्याने दर दोन तासांनी फोन करायचा आणि वाहतूक सुरू झाली की ती बातमी लगेच उतरवून रस्ता मोकळा झाल्याची त्याच जागी लावायची, क्लिक किती आले ते न बघता.